ओढा म्हणजे राडारोड्याचा उकिरडा नव्हे

मांजरा नदीकाठच्या आमच्या गावात पूर ओसरला की दोन-तीन दिवसांत जेसीबी येतो आणि पडलेल्या माळवदांचे (मातीच्या सपाट छपराच्या घरांचे) दगड, पांढरी माती, सागवानी तुळया, भिजलेल्या गाद्या, वाकलेले पत्रे आणि फवारणीच्या औषधांच्या अर्धवट भरलेल्या बाटल्या, असे सगळे एकत्र उचलून ओढ्यात नेऊन लोटतो. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतरही हेच झाले. ज्या ओढ्याचे पाणी तुंबून घरे पडली, त्याच ओढ्याचे तोंड आपण त्याच घरांच्या दगडांनी बुजवतो, हे कोणालाच कसे खटकत नाही?

बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत माती, लाकूड, लोखंड आणि विटा वेगळ्या ठेवाव्यात, नाले अडवू नयेत, असे स्पष्ट म्हटले होते. शिवाय १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गमावलेल्या मराठवाड्याला ढिगाऱ्याचे मोल कोणी शिकवायला नको होते.

२०२५ च्या त्या पुरानंतर पंचनाम्याआधीच ढिगारा हलवल्यामुळे शेजारच्या काकूंकडे घर पडल्याचा पुरावाच उरला नाही. ओढ्याच्या चिखलात वाकून त्या दाराची चौकट शोधत होत्या, आणि हाती लागली ती फक्त पितळी कडी.

घडीव दगड पुन्हा भिंतीला लागतो, माती माळवदावर पसरता येते, पत्रा भंगारात विकला जातो. गायरानात वेगवेगळे ढीग घालायला दोन ट्रॅक्टर आणि दोन दिवस पुरतात. ते दोन दिवस आम्हाला दरवर्षी नाकारले जातात.