कोवळ्या झाडाची साल खरवडू नका

ठाण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर पावसाळ्याच्या तोंडावर एक संदेश फिरतो: कोवळ्या झाडाच्या खोडावर पांढुरके-हिरवट डाग दिसले किंवा साल सुटू लागली, की झाडाला रोग लागला असे समजावे; साल खरवडून चुना आणि मोरचूद फासावे, आणि गुण न आल्यास झाड अंगावर पडण्याआधी तोडावे.

मुळात निदानच चुकीचे आहे. असे डाग बहुधा दगडफुलाचे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र वाढीचे असतात. त्यातील शैवाल सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करते. साल ही त्याला केवळ बसण्याची जागा. साल सुटण्याचे म्हणाल, तर अर्जुन, पेरू आणि निलगिरी यांच्या खोडाचा घेर वाढताना वरची मृत साल ढलप्यांनी गळतेच, आणि खाली गुळगुळीत, निरोगी साल दिसते.

खरवडण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत सालीच्या आतल्या थरातूनच जाते आणि कोवळ्या झाडात हा थर अगदी वरवर असतो. खोडाभोवती पूर्ण कडे खरवडले गेले, तर मुळे उपाशी राहून झाड वाळते. शंका असल्यास नखाने तिळाएवढी जागा उकरून पाहावी: खाली ओलसर हिरवे दिसले, तर तो भाग जिवंत आहे. रोषणाईच्या वायरी आणि लोखंडी जाळीचे रुतलेले कडेही हेच नुकसान करतात, त्याबद्दल मात्र संदेशात अक्षर नाही.

चुना-मोरचुदाची बोर्डो पेस्ट छाटणीच्या जखमांवर उपयोगी आहे, हे मान्य. पण दगडफुलासाठी तिची गरज नाही आणि आत शिरलेल्या भिरुडापर्यंत, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीपर्यंत, ती पोहोचत नाही. खोडाला छिद्र, त्यातून पडणारा भुसा, झिरपणारा डिंक, खोल गेलेली काळपट साल किंवा बुंध्याशी उगवलेली फळीसारखी आळंबी, ही खरी काळजीची लक्षणे आहेत आणि ती दिसल्यास जाणकाराला बोलवावे.

राहिला प्रश्न पडण्याचा. मृत साल गळाल्याने झाड पडत नाही. केबलच्या खोदकामात मुळे तुटल्याने किंवा बुंधा आतून कुजल्याने ते वाऱ्यात उन्मळते. तोडण्यासाठी तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यापेक्षा बुंध्याला भिडलेले काँक्रीट मुळांना धक्का न लावता फोडून घ्यावे आणि तेथे पाणी मुरू द्यावे.