तीनशे फुटांवरून मागे वळणारा ‘कुशल वैमानिक’

‘लहान विमानांचे सत्य’ या मथळ्याचा संदेश अखेर नागपुरात माझ्या थोरल्या बहिणीच्या फोनवर येऊन धडकला आणि सोनेगावला विमान चालवायला शिकणाऱ्या मुलाचे प्रशिक्षण थांबवावे का, असे तिने रात्री साडेदहाला मला विचारले. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

इंजिन बंद पडताच विमान दगडासारखे कोसळते, हे त्या संदेशातले पहिले विधान साफ खोटे आहे. विमानाला उचलून धरतात ते पंख. सेसना 172 हे लहान विमान योग्य वेग राखल्यास इंजिनाविनाही उंचीच्या साधारण नऊ पट अंतर तरंगत जाते.

दुसरे विधान मात्र जीवघेणे आहे: ‘उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले तर कुशल वैमानिक मागे वळून त्याच धावपट्टीवर उतरतो, शेतात उतरणारा अर्धवट शिकलेला.’ अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या प्रशिक्षण पुस्तिकेत नेमका याचाच हिशेब आहे. इंजिन 300 फुटांवर बंद पडले. भानावर यायला 4 सेकंद गेले. सेकंदाला 3 अंश या गतीने उलटे तोंड करायला 1 मिनिट लागले, पण तोवर विमान धावपट्टीपासून 4,200 फूट बाजूला गेलेले असते, म्हणून तिच्याकडे वळायला आणखी 45 अंश. एकूण 79 सेकंदांत, मिनिटाला 1,000 फूट या दराने, 1,316 फूट उंची खर्च होते. हाती होती 300! घाईने तीव्र वळण घ्यावे, तर 45 अंश कललेल्या विमानाचा स्टॉल होण्याचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, आणि जमीन जवळ येताना पाहून नाक वर ओढले की पंखांची उचल तुटते व विमान गिरकी घेते. तेथून सावरायला खाली जागाच नसते. भाच्याच्या वहीत लाल शाईने लिहिले आहे: ‘नाक खाली, समोरच उतरणे.’

पुरेशी उंची असेल तर मागे वळता येते, एवढे मान्य करावे लागते. पण ती उंची विमान व वारा पाहून उड्डाणापूर्वीच ठरवायची असते. संदेशात तिचा उल्लेखही नाही.

बॅटरी उतरल्याने इंजिन बंद पडते म्हणणाऱ्याने मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीविना इंजिनाच्याच फिरण्यातून ठिणगीची वीज तयार करणारे उपकरण, हा शब्द ऐकलेला दिसत नाही. राहिला ‘दोन इंजिने म्हणजे निर्धास्त’ हा दावा. लहान विमानाच्या दोनपैकी एक इंजिन गेले की चढण्याची क्षमता निम्मी होत नाही, ती 80 टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते, आणि चालू इंजिन विमानाला बंद इंजिनाच्या बाजूला वळवू लागते. ते आवरण्याचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते.