बाबागाडीतला दाइगोरो आणि आमचं कार्टं

आमच्याकडे पुस्तकात चित्रं असली की ते लहान मुलांचं, विषय संपला. त्यामुळे मी 'लोन वुल्फ अँड कब' हे जपानी कॉमिक उघडलं रे उघडलं की आमचं कार्टं "बाबा गोष्ट सांग" करत मांडीवर चढतं, आणि मग पान उलटताना जीव मुठीत, कारण अलीकडे छान गवत, डोंगर, लाकडी बाबागाडीत बसलेला गोंडस दाइगोरो आणि पलीकडे तीन माणसांचे पाच तुकडे! कधी कधी अंगावर चिंधीसुद्धा नसलेली बाई. आई चहा घेऊन येते ती नेमकी तेव्हाच.

बरं हे प्रकरण छोटं नाही. जपानमध्ये १९७० ते १९७६ चाललेलं, लेखन काझुओ कोइके, चित्रं गोसेकी कोजिमा, एकूण २८ खंड, आठ हजारांच्या वर पानं. आणि मला मिळालेली इंग्लिश आवृत्ती तळहाताएवढी, म्हणजे चाळिशीवाल्याने वाचूच नये अशी सोय. लढाई असली की शब्दच नाहीत, नुसता ब्रशचा सपाटा, पानंच्या पानं भुर्रकन उडतात, आणि मग कोणीतरी सरदार मांडी ठोकून एदो काळातले, म्हणजे सामुराईंच्या जमान्यातले, कायदेकानून सांगायला लागतो, तिथे माझी डुलकी ठरलेली.

दाइगोरोचा बाप ओगामी इत्तो हा शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, अधिकृत शिरच्छेदवाला. यग्यू घराणं कारस्थान करून त्याला द्रोही ठरवतं, बायकोचा खून होतो, आणि हा पठ्ठ्या तान्ह्या पोरापुढे तलवार आणि चेंडू ठेवतो. तलवार धरलीस तर माझ्यासोबत, चेंडू धरलास तर आईकडे, म्हणजे वरच. हे ऐकून बायको शांतपणे म्हणाली, "उष्टावणाला आपण पेन आणि सोनं ठेवलं होतं तसंच की." (कार्ट्याने दोन्ही सोडून मावशीचा मोबाईल धरला होता. भोगतोय अजून.)

मग इत्तो पोराला घेऊन ५०० रियोला (तेव्हाची सोन्याची नाणी) एक अशा सुपाऱ्या घेत गावोगाव फिरतो, बाबागाडीत हत्यारं लपवून. मला वाटलं बायको हादरेल. ती म्हणते, "बघ, तो माणूस मारायला जातानासुद्धा पोराला नेतो, तू भाजी आणायला जाताना नेत नाहीस."

तेव्हापासून दर रविवारी मंडईत आम्ही दोघं. इत्तोला निदान ५०० रियो तरी मिळतात, मला घरी आल्यावर कोथिंबीर शिळी आणली म्हणून बोलणी.