एमवर फुली

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरातले 'एम' गायब होतात. मुलगा लाल टेप घेऊन हिंडतो आणि दिसेल त्या इंग्रजी 'एम'वर फुली मारतो. दुधाच्या कॅनवर, मायक्रोवेव्हवर, झालंच तर दिवाळीपासून फ्रिजवर लटकलेल्या मराठी मंडळाच्या पत्रकावर. त्यावर 'मराठी' इंग्रजीत, 'मंडळ' इंग्रजीत, म्हणजे मंडळाची पार वाट लागली. खालची देवनागरी ओळ मात्र त्याने सोडली. म्हणाला, "म इज ओके, आई. म मिशिगनचा नाही."

यात त्याचं डोकं काही नाही, गावाचीच ही रीत. आम्ही कोलंबसला राहतो, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावात. शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाशी फुटबॉल मॅच असते त्या आठवड्यात विद्यापीठाच्या पाट्यांवरचे 'एम' असेच झाकतात. (फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू काखेत मारून पळायचा.) मिशिगनचं नावही घ्यायचं नाही, 'उत्तरेकडची ती टीम' म्हणायचं. मॅच जिंकली की खेळाडूंना आणि कोचना सोन्याची इवलीशी पँट मिळते, लॉकेटएवढी. 1934 पासूनची प्रथा. भांडण त्याहून जुनं आहे. 1835 साली टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन हत्यारं घेऊन समोरासमोर आले होते. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला बदल्यात उत्तरेचं द्वीपकल्प मिळालं. बाबांना हे फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "आपल्याला बेळगावच्या बदल्यात कोणी काय दिलं गं?"

बाबा ठाण्याला असतात. 2022 च्या जूनपासून त्यांच्या तोंडी एकच शब्द आहे, गद्दार. आधी तो सुरत-गुवाहाटीला गेलेल्या आमदारांसाठी होता. मग 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली तेव्हा तिकडच्यांसाठी. आता तर सोसायटीचं दूध दुसऱ्या भय्याकडून घेणाऱ्या शेजाऱ्यालाही लागतो. आमच्या शाळेच्या ग्रुपवर याच्या उलट सूर. तिथे कोणीतरी हमखास लिहितो, "तिकडे असं नसतं. तिकडे सगळे प्रोफेशनल." तिकडे म्हणजे मी राहते तिथे.

तर तिकडची एक गोष्ट. 24 नोव्हेंबर 2018 ला इथल्या स्टेडियममध्ये, लाखावर लोकांसमोर, ओहायो स्टेटने मिशिगनला 62-39 असं धुतलं. त्या दिवशी मिशिगनच्या बाजूला ग्रेग मॅटिसन आणि अल वॉशिंग्टन हे दोन असिस्टंट कोच उभे होते, दोघेही डिफेन्सचे. म्हणजे जे 62 पॉइंट झाले, त्यातले बहुतेक यांच्या पोरांवर झाले. दीड महिन्यात, 2019 च्या जानेवारीत, ओहायो स्टेटचा नवा मुख्य कोच रायन डे याने दोघांनाही आपल्याकडे घेतलं. मॅटिसन तेव्हा 69 वर्षांचे. नोव्हेंबरमध्ये दोघे मिशिगनच्याच मैदानावर ओहायो स्टेटच्या लाल बाजूला उभे होते आणि ओहायो स्टेट 56-27 जिंकलं.

गावात कोणी गद्दार म्हणालं? नाही. पण म्हणून सगळे प्रोफेशनल होते असंही नाही. वॉशिंग्टन मूळचा कोलंबसचा, त्याचे वडील ओहायो स्टेटकडूनच खेळलेले. त्यामुळे आमच्या पलीकडच्या घरातले साठीचे गृहस्थ, जे चाळीस वर्षं एकही होम मॅच चुकलेले नाहीत, मला ड्राइव्हवेवर उभं करून समजावत होते की पोरगा घरी आला. मला हसूच फुटलं. हा शब्द मी ओळखते. घरवापसी! आपल्याकडे येतो त्याची घरवापसी, आपल्याकडून जातो तो गद्दार. हे व्याकरण ठाण्यात आणि कोलंबसात एकच आहे. त्याच जानेवारीत मिशिगनवाल्यांनी या दोघांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. आणि त्यांना तसा तोंडभर हक्कही नव्हता, कारण मिशिगनचं दैवत बो शेम्बेक्लर हाच मुळात ओहायो स्टेटच्या वुडी हेजच्या हाताखाली तयार झालेला. 1969 ला मिशिगनचा कोच झाला आणि पहिल्याच वर्षी गुरूला 24-12 हरवलं.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते कागदात. ओहायो स्टेट सरकारी विद्यापीठ, कोचचा करार कोणालाही मागता येतो, पगाराचा आकडा पेपरात येतो. सीझन संपल्यावर जायचं, करारातली अट मोडली तर ठरलेले पैसे भरायचे. कोच विद्यापीठाशी बांधलेला असतो, माझ्या शेजाऱ्याशी नाही. शेजाऱ्याने त्याला निवडून दिलेलं नसतं.

बाबांना हे पटवायला मी त्यांच्याच घरातलं उदाहरण दिलं. ज्या आठवड्यात आमदार गुवाहाटीला होते, त्याच आठवड्यात बंगळूरला रणजीची फायनल चालली होती, मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. मध्य प्रदेशने सहा विकेटनी जिंकली, पहिल्यांदाच, आणि त्यांचे कोच होते चंद्रकांत पंडित. आपले पंडित! मुंबईचे विकेटकीपर, मुंबईला कोच म्हणून रणजी जिंकून दिलेले, मग विदर्भाला लागोपाठ दोनदा. आणि 1999 मध्ये त्याच मैदानावर मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून फायनल हरलेले. बाबा एका डोळ्याने न्यूज चॅनल बघत होते, दुसऱ्याने मॅच. पहिल्यावर शिव्या देत होते, दुसऱ्यावर पंडितांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा यांच्याही आलं.

"पंडितांना का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"त्यांना मी मत दिलं होतं का?"

झालं. मी दोन परिच्छेद खर्चून जे सांगितलं, ते त्यांनी एका वाक्यात आटोपलं. पक्षांतरबंदी कायदा 1985 चा, 2003 मध्ये एकतृतीयांश फुटीची पळवाटही बंद केली. तरी जानेवारी 2024 मध्ये शिवसेनेच्या फुटीवर विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला तेव्हा दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. असिस्टंट कोचच्या करारात जेवढा दम असतो, तेवढाही माझ्या बाबांच्या मतात नसावा, हे मला इथे बसून जास्त टोचतं.

पण ग्रुपवरच्या 'प्रोफेशनल'वाल्यांनाही एक सांगायचंय. हे कोच रातोरात टीम बदलत होते, तेव्हा त्यांच्याच हाताखालच्या पोराने कॉलेज बदललं तर त्याला सहसा वर्षभर बाहेर बसावं लागे. खेळाडूंना एकदा मोकळेपणी जायची मुभा मिळाली ती 2021 मध्ये. म्हणजे निष्ठा ज्याला पगार नाही त्याने पाळायची. हेही व्याकरण ओळखीचं आहे.

आणि मी स्वतः कंपनी बदलली, थेट स्पर्धकाकडे गेले, त्या सोमवारी दहाला राजीनामा दिला. दहा चाळीसला माझा बॅज, लॅपटॉप काढून घेतलेला होता आणि मी पार्किंगमध्ये एका खोक्यासकट उभी होते. खोक्यात एक कप, एक स्वेटर आणि तुळशीची कुंडी. सोबत दारापर्यंत आला तो माझा मॅनेजर. त्याच्या घरी मी दोनदा पुरणपोळ्या नेल्या होत्या. "नथिंग पर्सनल," म्हणाला. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "खोकं तरी रिकामं नव्हतं ना?" मग स्वतःच हसत बसले.

जानेवारी 2025 ला ओहायो स्टेट राष्ट्रीय फायनलमध्ये नोत्र दाम विद्यापीठाला 34-23 हरवून चँपियन झालं. त्या रात्री पलीकडचे गृहस्थ आमच्याकडेच होते, बटाटेवडे खात. मॅटिसन केव्हाच निवृत्त झालेले. वॉशिंग्टन होता, पण समोरच्या बाजूला. 2022 पासून तो नोत्र दामचा असिस्टंट कोच होता. मुलाने विचारलं, मग हा कोण, आपला की त्यांचा? गृहस्थांनी वडा खाली ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाले, "त्याचा बाप चांगला खेळायचा."