फौजेचं नाव घेऊन आरडाओरडा करू नका

आज डोकं फिरलंय म्हणून लांबलचक लिहितेय. वेळ असेल त्यांनी वाचा.

ऑफिसात दिवसभराचं लीडरशिप ट्रेनिंग होतं. ट्रेनरनं पडद्यावर सॅल्यूट ठोकणाऱ्या जवानाचा फोटो लावला आणि म्हणाला, फौज जिंकते कारण तिथं कुणी प्रश्न विचारत नाही, वरून ऑर्डर आली की विषय संपला. इथवर मी गप्प ऐकून घेतलं. पण संध्याकाळी आमच्या टीममधला एक नवीन लागलेला पोरगा एवढंच म्हणाला की ही तारीख जमणार नाही, टेस्टिंगला वेळच उरत नाही. त्यावर साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "फौजेत असं विचारतात का रे?" पोरगा मान खाली घालून बसला.

विचारतात. मी फौजीची मुलगी आहे, आणि सांगते, विचारतात.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. काश्मीरमध्ये उंचावरच्या एका चौकीवर असताना त्यांच्याकडे रेडिओ सेट होता, त्यामुळे पुढचं सगळं त्यांच्या कानांनी ऐकलेलं आहे. चार दिवस बर्फ पडून पाचव्या दिवशी कडक ऊन पडलं होतं. वरून हुकूम होता, आजच गस्त निघाली पाहिजे. कंपनी कमांडर कॅप्टन होते, पंजाबचे, वय पंचविशीच्या आसपास. सुभेदार साहेब त्यांच्या जवळजवळ दुप्पट वयाचे. सुभेदार म्हणाले, "साहेब, आज नको. वरचा उतार ताज्या बर्फानं लादलाय, ऊन लागलं की सुटंल." कॅप्टननी उलट विचारलं, कुठला उतार, दाखवा. दोघं बाहेर जाऊन बराच वेळ दुर्बिणीतून बघत बसले. मग कॅप्टननी बाबांच्या हातातून सेट घेतला आणि खाली कळवलं, गस्त थांबवतोय, निर्णय माझा, जबाबदारी माझी. पलीकडून जे काही ऐकावं लागलं ते बाबा आजही पूर्ण सांगत नाहीत. सुभेदार साहेबांचं नाव कॅप्टननी एकदाही घेतलं नाही. सगळी बोलणी स्वतःच्या अंगावर घेतली.

त्या दिवशी तो उतार सुटला की नाही? नाही सुटला. काहीच झालं नाही. दोन दिवसांनी पहाटे, बर्फ घट्ट असताना गस्त गेली आणि कॅप्टन स्वतः सोबत गेले. बाबांच्या लेखी साहेब म्हणजे तो माणूस.

हे सांगताना बाबा मध्येच पायमोज्यांवर येतात. रात्री कॅप्टन टॉर्च घेऊन बंकरमध्ये यायचे आणि प्रत्येकाला पायमोजे काढायला लावायचे. बोटं पांढरी पडलीत का, कातडी बधिर झालीय का, हात लावून बघायचे. कंपनी कमांडर जवानाच्या पायाला हात लावतोय! सुरुवातीला पोरं लाजायची म्हणे. आणि हे सगळं मोडक्यातोडक्या मराठीत, कारण मराठा लाइट इन्फंट्रीत आलेला अधिकारी कुठल्याही प्रांतातला असो, त्याला जवानांची भाषा शिकावी लागते. तुम्ही आमच्यासारखं बोला, असं तो जवानाला सांगत नाही.

डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत तेव्हाचे ब्रिटिश सरसेनापती चेटवुड यांचे शब्द कोरलेले आहेत, 1932 च्या उद्घाटनाच्या भाषणातले. आधी देश, मग तुझ्या हाताखालचे जवान, आणि सगळ्यांत शेवटी तू स्वतः, तेही प्रत्येक वेळी. तिथं अधिकारी होणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांसमोर हे असतं. आमच्या ट्रेनरच्या स्लाइडवर हे का नव्हतं?

रामा राघोबा राणे कारवारकडचे. आधी साधे सैनिक म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, मग अधिकारी झाले, बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर तुकड्यांत. एप्रिल 1948 मध्ये, काश्मीरच्या लढाईत, नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांपुढचे सुरुंग काढायचं काम त्यांच्या तुकडीवर होतं. सुरुवातीलाच तोफगोळे पडले, दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत राणे स्वतः. तरी ते मागे गेले नाहीत. एका ठिकाणी ते रणगाड्याखाली सरपटत गेले आणि दोरी ओढून चालकाला इशारे देत राहिले, म्हणजे रणगाडा सुरुंगांवर जाणार नाही. परमवीर चक्र मिळालं त्यांना. अशा माणसाला हुकूम पाळून घ्यायला आवाज चढवावा लागला असेल का?

आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवलं की काय होतं, तेही याच फौजेनं भोगलंय. 1962, चीनचं युद्ध, सीमेवरची नामका चू नदी. ब्रिगेडियर जॉन दळवी वर सांगत होते की ही जागा लढायला चुकीची आहे, पोरांकडे थंडीचे कपडे नाहीत, रसद पोचत नाही. वरच्यांना ते ऐकायचं नव्हतं. सुती गणवेशातले जवान त्या नदीकाठी बसवून ठेवले. 20 ऑक्टोबरला सकाळी चीनचा हल्ला झाला आणि ब्रिगेड एका दिवसात मोडली. दळवी कैद झाले. हीच ना तुमची "वरून ऑर्डर आली की विषय संपला"? लिहितानासुद्धा संताप होतोय.

हो, मान्य, गोळ्या सुटल्यावर चर्चा होत नाही. आणि फौजेतही वाईट साहेब असतात, बाबांनाही एक भेटला होता, त्याच्याबद्दल ते बोलत नाहीत. पण ऐन वेळी शब्दाला शब्द न लावता माणसं पुढं जातात, ती आधी कित्येक महिने कुणीतरी त्यांचे पाय बघितलेले असतात म्हणून जातात. आमच्या साहेबांना त्या पोराचं पूर्ण नाव तरी माहीत आहे का, मला शंका आहे.

महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र काढून वाचा. त्यात नुसता दम नाही. दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील हे समजावलंय, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात पळवेल आणि गवताच्या गंजींना आग लागेल, इथपर्यंत लिहिलंय. एवढ्या मोठ्या राजाला "मी सांगतो म्हणून कर" म्हणणं अवघड होतं? त्यांनी कारण सांगितलं.

बाबांना आत्ता फोन करून ऑफिसातलं सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या पोराला घरी जेवायला आण." रविवारी आणणार आहे.

तुमच्या घरात कुणी फौजेत असेल किंवा होतं, तर त्यांना त्यांच्या कंपनी कमांडरबद्दल विचारा आणि खाली लिहा. चांगलं-वाईट दोन्ही लिहा. मी सगळं वाचणार आहे, आणि त्यातलं निवडून आमच्या एचआरला पाठवणार आहे.