‘गाईगुरांना कशाला बदनाम करता?’ – लेप्टोच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट नीट वाचली, एवढी मोठी आणि कळकळीने लिहिलीत म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा वेगळंच लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, लेप्टोवरची (म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीतून चिखला-पाण्यात उतरून माणसाला होणारा ताप) माझी मागची पोस्ट वाचून काकांचं म्हणणं असं की लेप्टो हा उंदरांचा आजार आहे, त्यात गाईगुरांना ओढून मी शेतकऱ्याला घाबरवतोय, त्यांच्या आजोबांनी जन्मभर अनवाणी चिखलणी केली त्यांना कधी काही झालं नाही, आणि लेप्टो होऊ नये म्हणून घ्यायच्या डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन, एक अँटिबायोटिक) गोळ्यांबद्दल लिहिणं म्हणजे औषध कंपन्यांची दलाली. आणि जाता जाता एक वाक्य आहे, गेल्या वर्षी तुमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली (गर्भ पडला), "उष्णतेमुळे". मला खरं तर या वाक्याबद्दलच जास्त बोलायचंय, पण आधी बाकीचं.

उंदीर. हो, उंदीर आहेच, त्याबद्दल वादच नाही. हा स्प्रिंगसारखा पिळदार जंतू उंदराच्या किडनीत घर करतो, उंदराला स्वतःला काही होत नाही आणि तो जन्मभर लघवीतून जंतू सोडत राहतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लेप्टो म्हणजे तुंबलेलं पाणी आणि उंदीर एवढंच बसलंय. पण लेप्टोच्या जंतूचे अडीचशेहून जास्त प्रकार आहेत आणि बऱ्याच प्रकारांचं ठरलेलं जनावर असतं. उंदराचा वेगळा, कुत्र्याचा वेगळा, डुकराचा पोमोना, आणि हार्डजो नावाचा जो आहे तो गाईचा. गाय हार्डजो तसाच सांभाळते जसा उंदीर त्याचा सांभाळतो, वरून धडधाकट दिसते आणि लघवीतून कित्येक महिने जंतू जात असतात. आणि उंदीरच हवा असं असतं तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रसिंहांना लेप्टो कुठून झाला असता? तिथे दर काही वर्षांनी साथ येते, किडनी निकामी झालेले समुद्रसिंह वाळूवर येऊन पडतात, वल्ह्यांसारखे पाय पोटाशी दुमडून, आणि एरवी गोड्या पाण्याला तोंड न लावणारं हे जनावर पाणी पिताना दिसतं. त्यांच्यात सापडतो तो पोमोना.

म्हणून मी गाईला आरोपी करत नाहीये हो. गाय यात पेशंट आहे, आणि तिच्याकडे पेशंट म्हणून कोणी बघत नाही हे माझं दुखणं आहे. न्यूझीलंडमध्ये गवळ्यांना हाच ताप इतका यायचा की त्याला डेअरीचा ताप असंच म्हणायचे, दूध काढताना गाईच्या लघवीचे शिंतोडे थेट तोंडावर यायचे. 1980 च्या आसपास त्यांनी गाईंना लस द्यायला जोरात सुरुवात केली आणि माणसांमधल्या केसेस खाली आल्या. गाय वाचवली तर गवळी वाचतो, यात गाईची बदनामी कुठे आली?

आता आजोबा. काका, तुमच्या आजोबांना काही झालं नाही हे मी खरंच मानतो, कारण लागण झालेल्या बऱ्याच जणांना थोडा ताप येऊन जातो किंवा तेवढंही नाही. पण त्यांच्या वाडीत त्या काळी आवणात कोणाला ताप येऊन डोळे पिवळे झाले आणि माणूस आठवड्यात गेला, असं एकदाही झालं नसेल? त्याला कावीळ म्हणायचे, नाहीतर ताप डोक्यात गेला म्हणायचे. टेस्टच नव्हती तर नाव कुठून येणार. अंदमानचंच बघा. 1988 पासून तिथे पावसाळ्यानंतर ताप यायचा, खोकल्यातून रक्त पडायचं, माणसं मरायची, आजार कुठला ते कळेना म्हणून त्याला अंदमान हिमोरॅजिक फीवर (रक्तस्रावाचा ताप) असं नाव दिलं, आणि पुढे काही वर्षांनी निघाला लेप्टो. गंमत नाही, वाईट याचं वाटतं की अंदमानात लेप्टो आहे असा रिपोर्ट 1931 सालीच छापून आला होता, लोक विसरून गेले. जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी हा जंतू 1915 मध्ये शोधला तेव्हा क्यूशूच्या कोळसा खाणीतले ओल्यात काम करणारे मजूर आजारी पडत होते. तेव्हा आजार जुनाच आहे, आणि जिथे ओल, चिखल आणि उघडी कातडी तिथे तो आहे. लावणीच्या दिवसात पायाला चिखल्या होतात ना, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन फाटते, तो त्याचा दरवाजा.

डॉक्सीबद्दल. डॉक्सिसायक्लिन 1960 च्या दशकातलं औषध आहे, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळतं, त्यात दलाली करून कोणी माडी बांधणार नाही. आठवड्याला 200 मिलिग्रॅमचा डोस पनामाच्या जंगलात अमेरिकन सैनिकांवर तपासला होता, तिथे खूप चांगला उपयोग झाला. नंतर अंदमानात तपासला तर लागण फारशी थांबली नाही पण आजार आणि मृत्यू कमी झाले. म्हणजे गोळी हे कवच नाही, आणि मी कुठेही घरच्या घरी सुरू करा असं लिहिलेलं नाही, गरोदर बाईला आणि लहान मुलांना तर ती अशी देतच नाहीत. पण ज्याच्या पायाला जखम आहे आणि ज्याला लावणी चुकणार नाही त्याने आरोग्य केंद्रात जाऊन निदान विचारावं, एवढंच.

गोळीपेक्षा मला दुसरी काळजी जास्त आहे. लावणीनंतर ताप आला, पोटऱ्या धरल्या, हात लावला तरी माणूस ओरडतो, डोळे लाल पण चिपडं नाहीत, अशा वेळी लोक दोन दिवस मेडिकलमधली गोळी खातात, मग टेस्ट करतात, ती निगेटिव्ह येते आणि घरी बसतात. रक्तातल्या अँटीबॉडी दिसायला पाच-सात दिवस लागतात, त्याआधीची निगेटिव्ह टेस्ट म्हणजे काही नाही असं नाही. आणि डॉक्टरला आपणहून सांगा की मी चिखलात होतो, माझ्याकडे गुरं आहेत, गाय गाभडली होती. हे न विचारता सांगायचं. लवकर औषध मिळालं तर माणूस सहसा बरा होतो, किडनी किंवा फुप्फुसात गेल्यावर अवघड होतं.

आता तुमची गाय. मी जनावरांचा डॉक्टर आहे, गाभडलेल्या गाईची वार (गर्भाबरोबर पडणारा जार) बायका उघड्या हाताने ओढताना आणि त्याच हाताने पदर सावरून चुलीकडे जाताना मी किती तरी गोठ्यांत बघितलंय, आणि अशाच एका घरी आठ-दहा दिवसांनी त्या बाई तापाने ॲडमिट झाल्या तेव्हा दवाखान्यात गाईचं कोणी विचारलंच नव्हतं. तिकडे लेप्टो निघाला. उष्णतेने गाय गाभडते म्हणून आपण सोडून देतो, पण शेवटच्या महिन्यांत गाभडणं हे लेप्टोचं आणि ब्रुसेला नावाच्या दुसऱ्या एका जंतूच्या आजाराचंही लक्षण आहे, आणि ब्रुसेला पण माणसाला होतो. आठवून बघा, त्याच सुमारास दुसऱ्या एखाद्या गाईचं दूध एकदम आटलं होतं का, कास गरम नाही, दगड नाही, उलट ढिली, आणि चारही सडांतून पिवळट चिकासारखं दूध? वासरांना लाल लघवी झाली होती का? लाल लघवी गोचिडाच्या तापातही होते, म्हणून अंदाजाने नको, रक्त तपासा. एकाच गाईचं नको, चार-पाच जनावरांचं घ्या, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत. तुमच्या जनावरांच्या दवाखान्यातून नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायला सांगता येतात.

तोवर वार आणि गर्भ हातमोजे घालून उचला, चुना टाकून खोल पुरा, कुत्र्याला ओढू देऊ नका. जीवामृतासाठी (शेण-गोमूत्राचं घरगुती खत) ताजं गोमूत्र धरताना हाताला चीर असेल तर तेही हातमोज्यानेच, गाईची लघवी अल्कधर्मी असते आणि या जंतूला तेच मानवतं. गोठ्यात पाणी तुंबू देऊ नका, ऊन आणि कोरडं त्याला सोसत नाही. दूध उकळून प्यायला काही हरकत नाही. नमुन्यांचा रिझल्ट आला की इथेच कमेंटमध्ये लिहा, पुढे काय करायचं ते बघू.