बोलीआधी हे बघा

ऑनलाइन लिलावात बोली लावून सहल निम्म्या दरात मिळते, असं एका लेखात म्हटलंय. मिळते, पण बोलीची रक्कम म्हणजे सहलीचा खर्च नव्हे. समजा गोव्यातल्या हॉटेलच्या ३ रात्रींच्या व्हाउचरची (म्हणजे राहण्याच्या कूपनची) बोली ९,००० रुपयांवर आहे. त्यात कर धरलाय का, नाष्टा, मुलाचा जादा बेड? खोलीच्या एका रात्रीच्या दरावर ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के जीएसटी लागतो. पॅकेज मुंबईतून सुरू होत असेल आणि तुम्ही कोल्हापूरचे असाल तर महालक्ष्मी एक्सप्रेसचं जाऊन-येऊन तिकीटही त्यात मिळवा. त्याच तारखांचा हॉटेलचा थेट दर आधी काढा आणि सगळं धरून त्याखाली बसेल तेवढीच कमाल बोली कागदावर लिहा. शेवटच्या २ मिनिटांत चढाओढीत लोक हमखास वाहवत जातात.

दिवाळी, मे आणि ख्रिसमस ते नवीन वर्ष, या तारखा बहुतेक व्हाउचरमध्ये बंद असतात. मुदत आणि बंद तारखा बोलीआधीच वाचा.

हॉटेलचा नंबर विक्रेत्याकडून घेऊ नका, हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या आणि विचारा: हे व्हाउचर दुसऱ्याच्या नावावर चालतं का? कोणी दुसऱ्याच्या नावाचं विमान किंवा रेल्वे तिकीट विकत असेल तर सरळ सोडून द्या.

पैसे लिलावाच्या साइटवरूनच, शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा. "साइटबाहेर द्या, स्वस्त पडेल" म्हणणाऱ्याला नकार द्या. रिफंड घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फसवणूक समजा. पैसे गेलेच तर थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.